ज्येष्ठ निवासात येणाऱ्या तरुणांसाठी: ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसाकडे

सोनटक्का

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका ज्येष्ठ निवासात दर आठवड्याला येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींचं वेळापत्रक मी सांभाळते. इथे राहणाऱ्या बहुतेकांना अंघोळ, कपडे, औषधं, चालणं यांत कशा ना कशाला मदत लागते. ती मदत करायला मावशी आहेत, मामा आहेत, रात्रपाळीला सिस्टर असते. पण एकेका मावशीकडे सात-आठ जण असतात. सकाळचं सगळं आवरून होईतो अकरा वाजतात आणि मावशी आणि आजी निवांत बसून बोलतायत असं दृश्य क्वचितच दिसतं. त्यात मावशींचा काही दोष नाही.

१ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन असतो. त्याच्या आठवडाभर आधीपासून आमचा फोन सारखा वाजतो. "आम्ही चाळीस जण येतो, फळं वाटतो, गाणी म्हणतो, तासाभरात आटपतो." दिवाळीत पुन्हा तेच, २६ जानेवारीला तेच. येणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या दिवशी काय होतं ते सांगते. कार्यक्रम चारला असेल तर आज्या तीनपासून साडी बदलून हॉलमध्ये बसतात. ज्यांना तासाभराहून जास्त बसवत नाही त्यांची कंबर कार्यक्रम सुरू होण्याआधीच दुखायला लागते. मग केळी, सफरचंदं, फोटो. मधुमेह असलेल्यांच्या हातात पेढा. साडेपाचला सगळे निघून जातात आणि जाताना कुणाला कुणाचं नावही माहीत नसतं. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत फाटकातून आत येतात ते दूधवाला, डॉक्टर आणि मोजके नातलग.

इथे राहणाऱ्या माणसांना खरी उणीव कशाची भासते? गेल्या आठवड्याचं बोलणं ज्याच्या लक्षात आहे अशा माणसाची. "तुमच्या नातीचा निकाल लागायचा होता ना, लागला का?" हा प्रश्न जो विचारू शकतो, तो माझ्या लेखी चाळीस जणांच्या कार्यक्रमापेक्षा मोठा. त्यासाठी पुन्हा यावं लागतं, त्याच माणसाकडे यावं लागतं.

म्हणून आमच्याकडे साधा नियम आहे. एक मुलगा किंवा मुलगी, एक आजी किंवा आजोबा. वार ठरलेला, वेळ ठरलेली. तासभर. निदान एक सत्र तरी नेमाने यायचं. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करायचा आणि तो ऑफिसला नाही, थेट आजींना करायचा. वाट पाहणाऱ्या माणसाला आपण येणार नाही हे आपल्याच तोंडून कळलं पाहिजे.

जोड्या लावताना मी दोघांच्या कामाकडे बघते. एसटीत आयुष्य काढलेले एक चालक काका आहेत. त्यांच्याकडे मेकॅनिकलचा मुलगा येतो. पहिल्या भेटीत काका 'हो', 'नाही' यापलीकडे बोलले नाहीत. दुसऱ्या खेपेला त्यानं जुन्या लेलँडचा गिअर कसा टाकत असत ते विचारलं आणि काका खुर्चीतल्या खुर्चीत डावा पाय दाबून डबल क्लच दाखवू लागले. मग वरंध घाट आला, आंबेनळी आला, समोरून ट्रक आला तर कोणी मागे घ्यायची ते आलं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली हे त्या मुलाला काकांनीच सांगितलं. काका सिंहगड रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा आवाज ऐकून तिच्या क्लचप्लेटबद्दल मत देतात, आणि आता ते ऐकायला कुणीतरी आहे.

काम हातात असलं की बोलणं आपोआप होतं. नुसतं समोरासमोर बसून "मग, कसं वाटतं इथे?" असं विचारलं तर दोघंही अवघडतात. शब्दकोडं सोडवा, शेंगा निवडा, जुने फोटो फायलीत लावा, पत्र लिहून द्या. नोव्हेंबरात तर कामच काम असतं, कारण पेन्शनरांचा हयातीचा दाखला. 'जीवन प्रमाण'ची डिजिटल सोय २०१४ मध्ये सुरू झाली, पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, खडू धरलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. आता फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवूनही दाखला निघतो. ज्याला फोन नीट वापरता येतो अशा मुलासाठी हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि आजोबांची बँकेपर्यंतची रिक्षा आणि रांगेतला तास वाचतो. आमच्याकडे हे काम ऑफिसातच, व्यवस्थापकांसमोर होतं. ओटीपी, पिन, पासबुक या गोष्टींना मुलांनी एकट्यानं हात लावायचा नाही, हा नियम मुलांच्या भल्यासाठीही आहे.

इथल्या कुणी असं काम केलंय का? मला दोन गोष्टींवर विशेष वाचायला आवडेल. सत्र संपल्यावर मुलं जातात तेव्हा मागे राहिलेल्या माणसाचं काय करता? आणि आजी-आजोबांपैकी कुणी गेलं तर त्या मुलाला कसं सांभाळता?

---

पेठकर

धागा आवडला. जवळजवळ सगळ्याशी सहमत. फक्त कार्यक्रम अगदीच मोडीत काढू नका अशी विनंती. माझे वडील जिथे राहतात तिथे महिन्याच्या एका शनिवारी भजनी मंडळ येतं. वडील टाळ घेऊन बसतात. त्या दिवशी त्यांची सकाळपासून गडबड असते.

---

सोनटक्का

@पेठकर, दर महिन्याला येणारं भजनी मंडळ ही वेगळी गोष्ट झाली. ते येणार हे माहीत आहे, वडिलांना त्यात टाळ वाजवायचा आहे, मंडळींना वडील ओळखतात. हेच तर हवंय. माझी तक्रार वर्षातून एकदा येऊन फोटो काढून जाण्याबद्दल आहे.

---

मुठाकाठ

मी असा जाणारा एक विद्यार्थी. दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात, त्यासाठी गेलो होतो. तास केव्हाच भरले, अजून जातो.

माझ्याकडच्या आजी शाळेत शिक्षिका होत्या. पानशेतचा पूर मी शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत वाचलेला. आजी तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होत्या, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. १२ जुलै १९६१. त्यांनी मला तो पूर टेबलावर मांडून दाखवला. चष्म्याचं घर म्हणजे लकडी पूल. औषधाची पट्टी आडवी ठेवली, ती नदी. पाण्याचा तांब्या म्हणजे शनिवारवाडा. मग स्वतःच्या हाताचा पंजा त्या पट्टीवरून हळूहळू पेठांच्या बाजूला सरकवत, पाणी कुठून कुठे चढलं ते सांगत गेल्या. चष्म्याचं घर पंजाखाली झाकलं गेलं तेव्हा म्हणाल्या, "पूल बुडाला. सासूबाई तरीही चुलीवरचं दूध उतरवायला थांबल्या होत्या."

पूर ओसरल्यावर वाड्यात गुडघाभर चिखल होता आणि त्यात तांब्याची भांडी शोधत बायका दिवस दिवस उभ्या होत्या. धान्याला असा वास येत होता की पुढे कित्येक वर्षं भिजलेल्या ज्वारीचा वास आला की त्यांना मळमळायचं.

मी राहतो गोखलेनगरला. आजींनी विचारलं, "अरे, मग तुमच्या घरी कुणी सांगितलं नाही? ती वसाहत पूरग्रस्तांसाठीच तर वसवली." घरी येऊन बाबांना विचारलं. आजोबा-पणजोबा शनिवार पेठेतून तिथे का आले हे तेव्हा पहिल्यांदा घरात बोललं गेलं. माझ्या घराण्याची गोष्ट मला परक्या आजींकडून कळली. त्यामुळे मी 'सेवा' करतो असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. मी तिथून बरंच काही घेऊन येतो.

सध्या आम्ही ते सगळं वहीत उतरवतोय. त्या सांगतात, मी लिहितो, पुढच्या बुधवारी वाचून दाखवतो आणि त्या लाल पेनानं माझं शुद्धलेखन तपासतात.

---

केशरकाडी

मी न्यू जर्सीत असते. आई पुण्यात अशाच एका निवासात आहे. मांडीचं हाड मोडल्यावर घरी एकटं राहणं शक्य नव्हतं. निर्णय तिनं स्वतः घेतला, मी फक्त कागदपत्रं केली.

आमचा शनिवारचा व्हिडिओ कॉल पूर्वी पाच मिनिटांत संपायचा. "जेवलीस का? औषध घेतलंस? पाय कसा आहे?" तिच्याकडे सांगण्यासारखं काही घडतच नसे, आणि मी माझं सांगायला लागले की ती "तू दमली असशील, ठेव" म्हणायची. तिच्याकडे एक मुलगी येऊ लागल्यापासून आईकडे बातम्या असतात. त्या मुलीची लॅबमधली परीक्षक किती खडूस आहे, मुलीला मेसचं जेवण आवडत नाही म्हणून आईनं तिला तव्यावरच्या पिठल्याची कृती कशी सांगितली, तिनं ते हॉस्टेलवर इंडक्शनवर करून कसं बिघडवलं. आई चिडून, हसून सांगते. तिला पुन्हा कुणाची तरी काळजी करायला मिळाली आहे. एकेकाळी माझ्यावर डाफरायची तशी आता तिच्यावर डाफरते, आणि खरं सांगते, ते ऐकून मला इतकं बरं वाटतं.

सोनटक्का, जी मुलं येतात त्यांना एक निरोप द्या. आम्ही लांब राहणाऱ्यांना तुमच्याकडून अहवाल नकोय. आई आणि तिच्या मैत्रिणीचं जे बोलणं असेल ते त्यांचं. मला जे सांगायचं ते आई सांगेल. फक्त काही गंभीर दिसलं, पडल्याचं, मार लागल्याचं, रडत असल्याचं, तर ऑफिसला जरूर सांगा.

---

गिरणगावकर

विषय चांगला आहे, पण माझे दोन आक्षेप आहेत आणि ते मी स्पष्ट मांडतो.

एक. आई-वडिलांना सांभाळणं ही मुलांची जबाबदारी आहे. त्यासाठी २००७ चा कायदा आहे. कॉलेजच्या पोरांनी ती उणीव भरून काढायची आणि घरच्यांनी निश्चिंत व्हायचं, हे मला मान्य नाही.

दोन. हे निवास महिन्याला भरपूर पैसे घेतात. मग सोबतीला माणूस ठेवायचा तर पगार देऊन ठेवा. मुंबईत २०२२ मध्ये 'गुडफेलोज' सुरू झालं, रतन टाटांनी त्यात पैसे घातले होते. तिथे तरुण पदवीधरांना ज्येष्ठांच्या सोबतीचं काम पगारावर मिळतं. ते प्रामाणिक वाटतं. फुकटात मुलं राबवून घेणं मला पटत नाही. मी युनियनच्या घरात वाढलोय, १९८२ चा गिरणी संप डोळ्यांनी बघितलाय. फुकटच्या हातांनी पगारी माणसाची नोकरी कशी जाते हे मला कुणी शिकवायला नको.

---

सोनटक्का

@गिरणगावकर, दुसरा आक्षेप आधी घेते, कारण तो फार मोलाचा आहे आणि प्रत्येक निवासाच्या व्यवस्थापनानं तो वाचावा.

आमच्याकडे येणारी मुलं भरवत नाहीत, उचलत नाहीत, अंघोळ घालत नाहीत, डायपर बदलत नाहीत, गोळ्या देत नाहीत. ती कामं पगारी, शिकलेल्या माणसांची आहेत. एका सुट्टीच्या आठवड्यात माणसं कमी होती म्हणून मुलांना जेवणाची ताटं फिरवायला लावूया अशी सूचना आली होती. मी नाही म्हटलं. एकदा ताटं फिरवली की पुढच्या महिन्यात एक मामा कमी होतो. तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आहे.

पगारी सोबतीला माझा विरोध नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावी. पण आमच्या एका आजींनी त्यांच्याकडे येणाऱ्या मुलीला तिसऱ्या भेटीत विचारलं होतं, "तुला इथे यायचे किती मिळतात गं?" काही मिळत नाही म्हटल्यावर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी तिच्यासाठी रुमालाला क्रोशाची कड लावून ठेवली होती. तिचं ऋण नको म्हणून.

पहिल्या आक्षेपाबद्दल: कायद्यानं आई-वडिलांना निर्वाहाचा खर्च मागता येतो. गप्पा मागता येत नाहीत. आणि आमच्याकडे सगळेच 'टाकलेले' आहेत असं कृपया समजू नका. कुणाला मूलबाळ नाही, कुणाचा मुलगा आधी गेला, कुणाची मुलगी स्वतः सत्तरीची आहे, कुणी हट्टानं स्वतंत्र राहिलेत. ज्यांची मुलं दर रविवारी येतात त्यांनासुद्धा गुरुवारी येणारा मित्र हवा असतो.

---

गिरणगावकर

ताटं फिरवू दिली नाहीत हे वाचून बरं वाटलं. हा नियम लेखी करा आणि फलकावर लावा. पहिल्या मुद्द्यावर माझं मत तेच आहे, पण तुमची बाजू समजली.

---

गोदाकाठ

नाशिकहून. मी फिजिओथेरपिस्ट आहे, काही निवासांत नियमित जाते. मुलांनी जाण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

कानापासून सुरुवात करते. उतारवयात वरच्या पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून ओरडू नका. ओरडलं की आवाज चढतो, म्हणजे नेमका जो ऐकू येत नाही तोच भाग वाढतो. खालच्या पट्टीत, सावकाश बोला. उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे बसा, खिडकीकडे पाठ करून बसू नका, कारण ओठ दिसायला हवेत. टीव्ही बंद करा, जमलं तर पंखाही. कानाचं मशीन लावलेलं असेल तर त्यात बॅटरी आहे का ते विचारा. मशीन आहे, बॅटरी मेलेली आहे आणि सगळे "आजोबांना हल्ली काही कळत नाही" म्हणतायत, हे मी फार वेळा बघितलं आहे.

खायला देण्याआधी सिस्टरला विचारा. साखरेचं पथ्य सगळ्यांना माहीत असतं, पण कित्येकांना गिळायचाही त्रास असतो. साधं पाणी किंवा कोरडं बिस्किटसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं. उठून उभं राहायचं असेल तर मावशीला बोलवा, काखेत हात घालून स्वतः ओढू नका. सर्दी-खोकला असेल त्या आठवड्यात फोनवर बोला.

आता विसरण्याचा आजार, डिमेन्शिया. "ओळखलंत का मला?" हा प्रश्न चुकूनही विचारू नका. तुमच्या दृष्टीनं तो गमतीचा, त्यांच्यासाठी ती परीक्षा असते आणि नापास झाल्याचं त्यांना कळतं. दरवेळी स्वतःहून नाव सांगा. त्या म्हणाल्या, "आईनं बोलावलंय, घरी जायचंय", तर आई कधी वारली याचा हिशेब करू नका. आईबद्दल विचारा. "आई काय करायची हो चांगलं?" संध्याकाळ कलली की अशा माणसांची अस्वस्थता बऱ्याचदा वाढते, म्हणून भेट सकाळी ठेवा.

आणि हातांना काम द्या. एका बाईंना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, पण कापूस पुढ्यात ठेवला की त्या फुलवाती वळतात. बोटांना किंचित दूध लावून, चिमटीत पीळ देऊन, एकसारख्या. त्यांच्याकडे येणारी अठरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडून शिकली. आता दोघी समोरासमोर बसून वळतात आणि बाई तिची वात हातात घेऊन बघतात, सैल वाटली तर उलगडून परत देतात. त्यांना ती मुलगी कोण हे माहीत नाही. तिला शिकवायचं आहे हे मात्र त्यांना दरवेळी माहीत असतं.

एकटेपणाबद्दल एक ठोस गोष्ट. २०१० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुनस्टाड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले होते, तीन लाखांहून जास्त माणसांचे. माणसांशी घट्ट नाती असलेल्यांची तगून राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक निघाली. माझ्या व्यायामाच्या तक्त्याइतकीच मी हल्ली "तुम्हाला भेटायला कोण येतं?" हीही नोंद घेते.

---

सोनटक्का

@गोदाकाठ, तुमचा हा प्रतिसाद छापून नव्या मुलांना देऊ का? तुमची परवानगी असेल तरच.

---

गोदाकाठ

जरूर द्या.

---

मांडवीतीर

गोंयांतल्यान नमस्कार! आमच्याकडे सरकारी वृद्धाश्रम 'प्रोव्हेदोरिया' चालवतं, ती संस्था पोर्तुगीज काळापासूनची. चर्चची आणि खाजगीही आहेत. आमच्या बाजूचं एक कारण वेगळं आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. ते घेऊन घरंच्या घरं पोर्तुगालला, इंग्लंडला गेली. मागे दारं बंद असलेली मोठी घरं आणि म्हातारी माणसं राहिली.

मी जिथे जातो तिथे एक तारवटी आजोबा आहेत, म्हणजे बोटीवर काम केलेले. शाळा 'सेगुंद ग्राव'पर्यंत, म्हणजे प्राथमिकपर्यंत, पोर्तुगीजमधून. त्यांच्याकडे येणारा मुलगा मर्चंट नेव्हीत जायची तयारी करतोय. आजोबांनी त्याला आधी गाठी शिकवल्या. पलंगाच्या दांड्याला दोरी बांधून एकेक गाठ डोळे मिटून मारायला लावतात. पुस्तकात वाचून परीक्षेला बसणारा मुलगा आणि वादळात डेकवर उभा राहिलेला माणूस. दोघांचं काय जमलंय!

तुमच्याकडे पानशेतचं साल १९६१, आमच्याकडेही तेच साल. @मुठाकाठ, तुझ्यासारखी वही आम्हीही करायला घेतो.

---

उत्तरवारा

नेदरलँड्समधून लिहितेय. इथे डेव्हेंटर गावात 'ह्युमानितास' नावाचं ज्येष्ठ निवास आहे. तिथे विद्यार्थ्यांना खोली बिनभाड्याची मिळते, बदल्यात त्यांनी महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून राहायचं. जेवायला एकत्र बसणं, कॉम्प्युटर शिकवणं, कुणी आजारी असेल तर सोबत करणं. शुश्रूषा कर्मचारीच करतात.

मला त्यातली सगळ्यात चांगली बाजू ही वाटते की मुलं तिथे राहतात. रात्री उशिरा येतात, सायकल लावतात, परीक्षेत नापास होतात, कुणी मैत्रिणीला घेऊन येतं. मग जेवणाच्या टेबलावर गुडघेदुखीऐवजी त्या मैत्रिणीची चर्चा होते. पुण्यात हॉस्टेलच्या खोल्यांसाठी मुलांची किती ओढाताण होते ते मी स्वतः शिकताना पाहिलंय. आणि कित्येक निवासांत वरच्या मजल्यावर, लिफ्ट नसल्यामुळे, खोल्या रिकाम्या असतात. कुणीतरी हा प्रयोग करून बघावा.

---

पेठकर

@उत्तरवारा, हे भारी आहे. पण आपल्याकडे मुलींचे पालक आणि निवासाचे विश्वस्त दोन्ही बाजूंना पटवावं लागेल.

---

उत्तरवारा

पटवायला वेळ लागेल हे खरं. आधी दोन खोल्यांपासून सुरुवात करावी.

---

मुठाकाठ

सोनटक्काताईंचा दुसरा प्रश्न अनुत्तरित राहिलाय म्हणून लिहितो. माझ्याबरोबर येणाऱ्या मित्राचे आजोबा गेल्या पावसाळ्यात गेले. तो नेहमीप्रमाणे मंगळवारी गेला असता तर त्याला रिकामा पलंग दिसला असता. ताईंनी आदल्या रात्री त्याला फोन केला. ग्रुपवर मेसेज टाकला नाही, फोन केला, आणि त्याच्याशी शांतपणे बोलल्या. तो म्हणाला, मी तरीही मंगळवारी येतो. आला. आजोबांचे बुद्धिबळातले जोडीदार बाहेर व्हरांड्यात बसले होते, त्यांच्याजवळ जाऊन बसला. त्यांनी अर्धवट राहिलेला डाव तसाच ठेवला होता. काळ्या मोहऱ्या आजोबांच्या. त्यांनी त्याला विचारलं, "त्याची चाल तू करणार का?"

त्यानं केली आणि हरला. आता तो त्यांच्याकडे जातो. पण मधे तीन आठवडे त्याला यायला जमलं नाही, आणि त्या काळात ताईंनी त्याला एकदाही "कधी येतोस" असं विचारलं नाही. मला वाटतं तेही महत्त्वाचं होतं. आमच्या वयाच्या बऱ्याच जणांनी मृत्यू जवळून बघितलेला नसतो. घरचे आम्हाला "तू अभ्यास कर" म्हणून बाहेर ठेवतात. इथे कुणी तसं बाहेर ठेवलं नाही.

---

केशरकाडी

वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या मित्राला माझा नमस्कार सांग.

---

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. @मुठाकाठ, हे तू लिहिलंस ते बरं केलंस.

मुलं जातात तेव्हाच्या प्रश्नावर आम्ही सध्या जे करतो ते लिहिते. शेवटची भेट कधी आहे हे निदान महिनाभर आधी दोघांनाही माहीत असतं. शेवटच्या दोन भेटींना पुढे येणारी मुलगी किंवा मुलगा सोबत असतो. ओळख करून देण्याचं काम आजींनी करायचं, म्हणजे "ही आता जाणार, आता तू यायचं" असं त्या स्वतः सांगतात. नोकरी लागून बंगळूरला गेलेली काही मुलं अजून फोन करतात. जे करू शकत नाहीत त्यांना मी कधी बोल लावत नाही. पण "मी येत राहीन" असं उगाच कबूल करू नका, एवढं मात्र बजावते. "पुन्हा येईन" हे शब्द इथे फार दिवस लक्षात ठेवले जातात.

---

रानवाट

उशिरा येतोय धाग्यावर. सगळे प्रतिसाद वाचले. मी साताऱ्याचा, आमच्या कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणानुसार समाजसहभागाचे क्रेडिट आहेत. प्राध्यापकांना विचारून सात-आठ जणांचा गट करायचाय. सुरुवात कुठून करू? गावात निवास आहेत पण कुणाला ओळखत नाही. आणि व्यवस्थापक काय काय मागतील?

---

सोनटक्का

@रानवाट, साताऱ्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर आधी जा. जवळपासचे निवास, कुठे वातावरण चांगलं आहे, हे त्यांना पक्कं माहीत असतं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, तिथूनही माहिती मिळते.

व्यवस्थापकांकडे पहिल्यांदा दोघंच जा, आठ जण नको. कॉलेजचं पत्र, ओळखपत्रांच्या प्रती, एका प्राध्यापकांचा फोन नंबर, एवढं न्या. काही ठिकाणी पोलिस पडताळणीही मागतात, ते योग्यच आहे. ते बहुधा विचारतील, "कार्यक्रम काय करणार?" त्यांना सांगा, कार्यक्रम नाही, आठ जणांशी ओळख करून द्या. खोलीत दार बंद करून बसायचं नाही, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि काढला तर कुठे टाकायचा नाही, पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर त्यांची निम्मी काळजी मिटेल.

क्रेडिटचे तास सत्राच्या शेवटच्या महिन्यात एकदम भरायचे नाहीत, आठवड्याला एक तास असेच भरायचे, हे प्राध्यापकांकडून आधी कबूल करून घे. आणि गोदाकाठताईंचा प्रतिसाद सगळ्यांना वाचायला लाव.

---

रानवाट

धन्यवाद ताई. उद्या संघाच्या कट्ट्यावर जातोय. काय झालं ते इथेच लिहितो.